पूर्ण वाक्यांचा नियम

२ मे
आजपासून नियम. विद्यार्थ्यांच्या तोडक्या मेसेजना उत्तर द्यायचं नाही, आणि मेसेजच्या भाषेत लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट स्वीकारायचा नाही. एकसष्टपैकी शेहेचाळीस परत केले. कल्याणीचाही. खरं तर वर्गात सर्वांत चांगलं काम तिचं, पण 'bcoz' अकरा वेळा. तिने विचारलं, सर, माहिती चुकलीय का? म्हटलं, नाही. म्हणाली, मग? या 'मग'साठीच नियम हवा होता.
रिपोर्ट पुन्हा येईपर्यंत परीक्षा विभागाच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे 'AB', म्हणजे गैरहजर. तात्पुरतं. दोन अक्षरांत काम झालं.

६ मे
नगर रोडवर दीड तास अडकलो. वारज्याहून वाघोलीच्या कॉलेजात रोज जाणाऱ्या माणसाच्या हातून काही भरीव घडलं तर ते नवलच. कल्याणी सकाळी आठलाच नवा रिपोर्ट शिपाई श्यामकडे देऊन गेली होती. निर्दोष. वहीत चाळीसपैकी अडतीस लिहिले. पोर्टल हळू चाललं होतं. उद्या भरू.

९ मे
तीन दिवस नियमावली लिहिण्यात गेले. सोळा कलमं. दोनशे प्रती छापल्या. पूर्णिमाला दाखवली. ती म्हणाली, अहो, मी 'जेवायला येताय का' विचारलं की तुम्ही 'OK' सुद्धा अर्धा करून नुसता 'K' पाठवता, त्याला कोणतं कलम? घरगुती पत्रव्यवहार वेगळा, असं बायकोला समजावलं. ती म्हणाली, बरं, पत्र समजून जपून ठेवते.

१० जून
काल निकाल लागला. आज सकाळी ९.१० ला कल्याणीचा मेसेज: 'sir AB aalay plz chk. correction aaj 5 la band. job sagle subject clear asle trch'. मायना नाही, सही नाही. मनाला विचारलं, उत्तर द्यावं का? मन म्हणालं, एकदा सूट दिली की नियम संपला. नियमावलीचं कलम चार पाठवलं: मायना आणि पूर्ण वाक्यं आवश्यक.
११.४० ला 'sir plz plz'. दुपारी फोन. कलम सात: विनंती लेखीच असावी. उचलला नाही.
४.५० ला ईमेल. विषय, मायना, तीन परिच्छेद, शेवटी 'आपली विद्यार्थिनी'. डोळे पाणावले. नियम लागू पडला! लगेच कौतुकाचं उत्तर लिहायला घेतलं. मनासारखं उतरायला वेळ लागला. ५.२५ ला पाठवलं. मग पोर्टल उघडलं. बंद.

१३ जून
परीक्षा विभाग म्हणतो, दुरुस्ती आता सप्टेंबरात. तिची कंपनी म्हणते, तोवर थांबणार नाही. प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं, चूक कोणाची? पोर्टल हळू होतं. नगर रोड होता. तिने सकाळीच नीट लिहिलं असतं तर? या प्रश्नाने बरं वाटलं. फार वेळ नाही.

२० जून
कल्याणी कॉलेजात आली होती. सध्या बुधवार पेठेत मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. तिला म्हटलं, तुझा ईमेल नमुना म्हणून नोटीस बोर्डावर लावलाय. तिने तो पूर्ण वाचला. म्हणाली, सर, हा पाठवला तेव्हा अजून दहा मिनिटं होती. मग टाचण्या काढून बोर्डाला नीट परत टोचल्या, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. जाताना मला नमस्कार केला. तो केला नसता तर बरं झालं असतं.

२३ जून
माफीचं पत्र. चार मसुदे. पहिला अडीच पानांचा. त्यात एक पान नुसता नगर रोड. जे जे वाचून माझी मलाच लाज वाटली ते खोडत गेलो. चौथ्यात 'चुकलो' एवढंच उरलं. तेच मेसेज करून पाठवलं. मायना नाही, सही नाही.
दहा मिनिटांनी उत्तर आलं.
'K'.