धामण मारल्यावर

सेमाडोह

चिरंजीव दौलतले वामनदादाचा आशीर्वाद. मी जंगलखात्याच्या नोकरीत मजेत आहो, मायले सांग.

धामण म्हशीचं दूध पिते म्हणून तू तिले कोठ्यात ठेचलं, हे वाचलं. अरे, म्हैस पान्हा चोरत असन. धामण तं उंदीर खात होती. इथं शिकाऱ्यांनी रानकुत्रे मारले, तवापासून हरणांनी बांबूचा एक कोंब उभा ठेवला नाई.

घरात उंदीर माजले, अन् आता आपोआप मरून राहिले म्हणून तू खुशीत. ते प्लेगनं मरतात, दौलत. पत्र वाचताच सगळ्यायले घेऊन भातकुली सोड, वावरात झोपडी बांधून राहा. मले रजा भेटत नाई. जीव थाऱ्यावर नाई.

मायची खुशाली लिहिली, म्हशीचीबी लिहिली. तुह्या वहिनीची काहून नाई लिहिली?

तुहा दादा,
वामन