साहेबाच्या पाठीमागची किल्ली

बिलोली
१२ मे १९८३

प्रिय पंचू,

लातूरला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. चार ओळी लिहिल्यास आणि त्यातल्या तीन माझ्या खोकल्याच्या! स्वतःच्या तब्येतीचं एक अक्षर नाही. मी काय खुळा आहे का गं? सुट्टीत आलीस तेव्हा तीन दिवस हुडहुडी भरून पडली होतीस. विचारलं की म्हणायचीस, पोट दुखून राहिलं आबा, दुसरं काही न्हाई. मी आपला ओव्याचं पाणी करून देत बसलो. तू गेल्यावर शेजारच्या शिवकांता नर्सबाईनं मला ओट्यावर बसवून खरं काय ते सांगितलं. लघवीला जळजळ, कंबरेत कळ, आणि लघवीतून रक्तसुद्धा. बापाला कसं सांगावं म्हणून लपवलंस, त्याचा राग नाही. पण आता हा बाप लाज बाजूला ठेवून लिहितोय, तर तूही तशीच वाच.

लातूर नवा जिल्हा झाला आणि तुला तिथं नोकरी लागली, तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. शाळेतल्या शिपायाची पोर टेबल-खुर्चीवर बसणार! मला काय ठाऊक, त्या हापिसात तू एकटीच बाई, संडास एकच, त्याची किल्ली साहेबाच्या पाठीमागच्या खिळ्याला, आणि ती मागायला बारा पुरुषांच्या टेबलांमधून चालत जावं लागतं. म्हणून तू सकाळचा चहासुद्धा सोडलास म्हणे. दिवसभर पाण्याचा घोट नाही, संध्याकाळी खोलीवर येईस्तोवर दाबून धरायचं. आठ महिने! अगं, देह म्हणजे काय लोखंड आहे का?

शिवकांताबाई फटाफट बोलत गेली आणि मी उतरवून घेतलं. उठल्याबरोबर गिलासभर पाणी, मग दिवसभर थोडं थोडं, उन्हाळ्यात जास्त. लघवी फिकी दिसली तर बरं, गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं म्हणून समजायचं. लागली की जायचं, आणि नाही लागली तरी तीन-चार तासांनी उठायचंच. घाई करायची नाही, पूर्ण होऊ द्यायची. डॉक्टरच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. अंगदुखीच्या गोळ्या तर मनानं अजिबात गिळायच्या नाहीत, त्यानं गुर्द्यांना, म्हणजे किडन्यांना इजा होते. मीठही बेतानं, म्हणजे मी कौतुकानं बांधून दिलेलं लोणचं खोलीतल्या पोरींना वाटून टाक. धन्याचं पाणी चालेल का विचारलं, तर माझ्यावरच डाफरली, आधी साधं पाणी तर पी म्हणावं! धुण्या-पुसण्याचंही काही सांगायचं आहे म्हणे, ते तिनं वेगळ्या चिठ्ठीत लिहून दिलंय. सोबत पाठवतो. मी वाचलेलं नाही.

आता जे लिहायला हात उचलत नाही ते लिहितो. बहात्तरच्या दुष्काळात तुला देगलूरला आत्याकडं ठेवलं होतं, म्हणून तू ते पाहिलं नाहीस. इकडं माळावर खडी फोडायचं काम निघालं आणि मला चार अक्षरं येतात म्हणून मुकादम केलं. टँकर दिवसातून एकदा यायचा. आडोसा कुठंच नाही, बायांना पार ओढ्यापर्यंत जावं लागायचं. कामाचा खोळंबा होतो म्हणून मी नियम काढला, बायांनी दुपारच्या सुट्टीतच जायचं. मधे कुणी उठली की सगळ्यांदेखत ओरडायचो, लई पाणी ढोसता म्हणून. बिचाऱ्या ओशाळं हसून परत खाली बसायच्या. हळूहळू त्यांनी पाणी पिणंच सोडलं, आणि मला वाटलं, वा, काय शिस्त लावली! त्या बायांत तुझी माय होती. मुकादमाची बायको सवलत घेते असं कुणी म्हणू नये म्हणून ती एकदाही उठली नाही. तिची जळजळ तिथूनच सुरू झाली. मी म्हणायचो, उष्णता झाली असेल, आणि सब्जा भिजवून द्यायचो.

माय तापानं गेली असं मी तुला सांगितलं, ते अर्धंच खरं. नांदेडच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, हे जुनं दुखणं आहे, वर चढत गेलं आणि दोन्ही गुर्दे संपवले. इतक्या वर्षांत घरात कुणाला बोलल्या नाहीत का, असं त्यांनी विचारलं. तू माझं तोंड बघणार नाहीस या भीतीनं, ती गेल्यापासून सात वर्षं, हे तुला सांगितलं नाही. पण त्या दिवशी शिवकांताबाई तुझं सांगत होती आणि मला तुझी माय दिसत होती. पोरी, उद्या हापिसात गेलीस की ऊठ आणि किल्ली माग. साहेब कपाळाला आठ्या घालेल, बारा जण माना वर करतील, करू देत. त्या खुर्चीवर मीच बसलोय असं समज आणि हक्कानं माग. तुझ्या मायला माझ्याकडं कधी मागता आलं नाही गं, आणि मी तिचा नवरा होतो.

तुझाच,
आबा