बबडीचे बावीस मार्क

३ सप्टेंबर
बबडीचा निकाल आला. सगळ्या देशाला एकच परीक्षा, आणि गणितात शंभरपैकी बावीस! चौदा वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या मुलीला! इथे परदेशात येऊन पाच महिने नाही झाले तोवर पोरगी ढ झाली. ही म्हणते, बबडी हुशारच आहे, पेपर परक्या भाषेतला होता. आईची माया. आकड्याला माया नसते. उद्यापासून पहाटे पाचला मी स्वतः शिकवणार.

४ सप्टेंबर, सकाळी ८.१०
गोदामात दिवसभर खोक्यांना लेबलं लावून माणूस थकतो. शिकवणी संध्याकाळी.

६ सप्टेंबर
अपूर्णांकांची सहा गणितं घातली. मी पाणी पिऊन येईपर्यंत बबडी सोडवून मोकळी. सगळं अंदाजपंचे असणार. शेवटचं उत्तर माझ्याशी जुळेना. तपासलं. चूक मी मुद्दाम केली होती, असं तिला सांगितलं.

९ सप्टेंबर
आम्ही तिघं शाळेत गेलो. वर्गाच्या बाई म्हणाल्या, फळ्यावर ही मुलगी दोन इयत्ता पुढचं गणित करते, पेपरात मात्र शब्दांना अडते. नव्याने आलेल्या बऱ्याच मुलांचं असंच होतं म्हणे. मी त्यांना परीक्षेमागचं शास्त्र समजावलं. माझे उच्चार फार शुद्ध असल्यामुळे त्यांना कळत नव्हते, म्हणून बबडी दुभाषी. माझं वीस मिनिटांचं भाषण तिने दोन वाक्यांत उरकलं. बाई हसून म्हणाल्या, शुक्रवारी तुम्हीच का बसत नाही याच पेपरला? म्हटलं, आनंदाने! ही छताकडे बघत होती.

१२ सप्टेंबर
पेपर दिला. खुर्ची लहान मुलांची, गुडघे हनुवटीला. चाळीस मिनिटं, चाळीस प्रश्न. चौथा: चार बाय तीन मीटरच्या खोलीला, एक मीटरचं दार सोडून, स्कर्टिंग किती लागेल? खोली स्कर्ट कशाला घालेल? छपाईची चूक. तसा शेरा मारला. वेळ संपली तेव्हा नवव्या प्रश्नावर होतो. पण अक्षर मोत्यासारखं.

१३ सप्टेंबर
बबडी म्हणते, स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात ती पट्टी. परीक्षेत तिलाही माहीत नव्हतं, नंतर विचारून घेतलं. उत्तर तेरा मीटर. तोंडी सांगितलं, तेही बुटाची नाडी बांधता बांधता.

१६ सप्टेंबर
माझा निकाल: सतरा. ही परीक्षा साफ अशास्त्रीय आहे. माझं पहिल्यापासून हेच मत होतं.

१८ सप्टेंबर
बाईंनी बबडीची फळ्यावर वेगळी चाचणी घेतली आणि तिला गणिताच्या वरच्या वर्गासाठी निवडलं. शेवटी रक्त माझं! पालकांच्या संमतीचा फॉर्म आलाय. ही म्हणाली, बबडीला वाचू द्या. म्हटलं, मी काय मेलोय? दोन चौकोन होते. नीट विचार करून एकात खूण केली, सही ठोकली, पाकीट बंद.

२२ सप्टेंबर
बबडी रडत घरी आली. बाकीची निवडलेली मुलं वर गेली, ती जुन्याच वर्गात. मी खूण केली त्या चौकोनापुढे लिहिलं होतं, ‘वरच्या वर्गात पाठवण्यास आमची हरकत आहे.’ फॉर्मची रचनाच गोंधळाची. हिने माझ्यापुढचा चहा उचलून नेला. हिने चहा नेला की प्रकरण गंभीर असतं.

२३ सप्टेंबर
हिने अर्धी रजा टाकली. मीही बूट घालत होतो. म्हणाली, तुम्ही घरी थांबा, उपकार होतील. दोघी तासाभरात परत. काम झालं, उद्यापासून वरचा वर्ग. बबडीला सॉरी म्हटलं. चौदा वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याला म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, असू द्या हो बाबा.

मग तिने बाईंनी माझ्यासाठी दिलेलं पत्र काढलं. अभिनंदनाचं असणार. मी ते बराच वेळ वाचलं, दोनदा मान डोलावली, आणि शेवटी तिच्याच हातात दिलं. तिने वाचून सांगितलं: नव्या पालकांसाठी इथल्या भाषेचा वाचनवर्ग आहे, दर गुरुवारी. मी कुठल्या पातळीवर, तेही बाईंनी लिहिलं होतं. ते वाचताना बबडीने आवाज हळू केला.

“चित्रांचं पुस्तक आहे बाबा,” ती म्हणाली, “पण छान आहे.”