डबीतली कळ

प्रिय दादा,

माझ्यावर झालेल्या घोर अन्यायाची नोंद आधी घे, मग पुढचं वाच. पन्नाशी ओलांडलेल्या, दोन मुलांच्या आईला आज सकाळी स्वतःच्या फोनला चार्जर लावायची परवानगी नाकारण्यात आली. कारण काय, तर डबीच्या, म्हणजे आपल्या त्या मुक्कामाच्या गाडीच्या, बॅटरीच्या मीटरवर १२.३ व्होल्ट आलंय. बाबांचा नियम तुला ठाऊकच आहे: १२.४ च्या खाली उतरलं की डबीत फक्त एक दिवा आणि पाण्याचा पंप, बाकी सगळं टपावरच्या सोलर पॅनेलवर ऊन चढेपर्यंत बंद. घर पंधरा पावलांवर आहे, तिथे भिंतीत वीज आहे, हे मी सांगून पाहिलं. तर म्हणाले, मग घरात जाऊन बस, डबीत कशाला आलीस. फोन मेला, म्हणून हे पत्र हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

डबी अजून तशीच आहे, आपल्या चौघांसाठी चार बोटं कमी पडेल अशी. अंगणात उभी असते आणि बाबा रोज सकाळी चहाच्या आधी तिची बॅटरी मोजतात. जन्मभर खांबावर चढून आख्ख्या गावाला वीज पुरवणारा हा लाइनमन, पण डबीत शिरला की सावकार व्हायचा. आठवतं ना, दात घासताना पंप दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा दाबला की बाहेरून आवाज यायचा, अरे, नदी आणलीय का बरोबर? पुस्तक वाचायला माणशी अर्धा तास दिवा. आई आपला अर्धा तास तुला द्यायची आणि म्हणायची, मला अंधारात चांगलं दिसतं, रात्रपाळीची नर्स आहे मी. पंख्याचा तर विषयच नको. तो शोभेला होता.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांचा तक्ता अजून चिकटवलेला आहे. तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा आणि शेवटी शेरा. शेरे काय एकेक. 'ढग.' 'धाकटीने रेडिओ ऐकला.' 'ढग आणि रेडिओ.' परवा मी तो वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि तळ्याकाठच्या त्या मुक्कामापाशी अडकले. सकाळ, १०.८. शेरा: 'मुलगा फ्रिजची कळ फिरवायला विसरला.' पेन्सिल इतकी दाबलेली आहे की कागदाच्या मागून बोटाला लागते.

ती कळ हे तुझं खातं होतं; डबीतला फ्रिज बॅटरीवरही चालायचा आणि गॅसच्या ज्योतीवरही. गाडी चालू असेपर्यंत फ्रिज बॅटरीवर, कारण गाडी बॅटरी भरत असते. गाडी थांबली की लगेच कळ गॅसवर, नाहीतर फ्रिज एका रात्रीत बॅटरी पिऊन टाकतो. तेरा वर्षांचा तू हे काम असं करायचास, जणू विमान उतरवतोयस. आणि त्या सकाळी दिवा लागेना, पंपातून थेंब येईना, बाबांनी दार उघडून बघितलं तर कळ बॅटरीवर. आईला वर्षातून मिळणारी चार दिवसांची रजा, तिच्यातले तीन दिवस बाकी होते. बॅटरी कायमची गेली होती. आपण दुपारी परत निघालो. आई वाटभर खिडकीतून बाहेर बघत होती आणि म्हणत होती, असू दे रे, घरी पण झोपच काढायचीय मला.

त्या दिवसापासून, बॅटरी डाउन करणारा म्हणून, तुझं नाव 'डाउन' पडलं. मामा तुझ्या लग्नातही त्याच नावाने हाका मारत होता, मी सगळ्यांत मोठ्याने हसले होते. कळीचं खातं मला मिळालं आणि मी ते सहा वर्षं एकदाही न चुकता सांभाळलं. बाबा पाहुण्यांना सांगायचे, पोरगी बघा, कधी विसरायची नाही. विसरायची कशी? आणि तू कुलूप लावून तीनदा परत येऊन ओढून बघतोस, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेवरून फोन करतोस. वहिनी त्यावरून चिडवते. मीही चिडवते.

दादा, कळ तू फिरवली होतीस. आदल्या दुपारी तुम्ही तिघं पोहायला गेलात, मी फुगून बसले होते म्हणून एकटीच डबीत राहिले. माझ्या उशीमागे फ्रिज होता आणि त्याच्यातून गॅसचा तो बारीक फुसफुस आवाज येत होता. खालच्या भोकातून निळी ज्योत दिसत होती. मला वाटलं, आता हे उडणार. मी कळ परत बॅटरीवर केली, आवाज थांबला आणि मी गाढ झोपले. उठेपर्यंत विसरूनही गेले. सकाळी बाबा ओरडत होते, तू दोनदा म्हणालास, फिरवली होती बाबा. मग तुझी नजर माझ्याकडे गेली. तिसऱ्यांदा तू काहीच म्हणाला नाहीस.

गेल्या महिन्यात बाबांनी विचारलं, डबी कोणी न्यायची. तुझं उत्तर आलं: 'धाकटीला द्या. माझ्याकडे चार दिवसांत मरेल.' खाली हसरा चेहराही काढला होतास. तो चेहरा मला सहन झाला नाही, आणि म्हणून मी इथे आले. काल दुपारी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते फ्रिजपाशी वाकून बराच वेळ त्या भोकात बघत राहिले, मग म्हणाले, घाबरली होतीस तर सांगायचंस, मी कानात कापूस घालून आवाजाची काहीतरी सोय केली असती. मग त्यांनी खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिली. तो शेरा मी खोडला नाही, बाबांच्या तक्त्यात खाडाखोड चालत नाही. त्याच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'मुलाने फिरवली होती. धाकटीने परत फिरवली.' बाबांनी शेजारी सही केली, तारीख घातली. किल्ली पाकिटात आहे. रविवारी ये आणि डबी घेऊन जा. पहिल्या मुक्कामाला बाबाही येणार आहेत, पण त्यांनी एक निरोप सांगितलाय: कळ तू फिरवायचीस, आणि फिरवली का, हे ते बघणार नाहीत.

तुझीच,
धाकटी