कोड कुठल्या रकान्यात

आई, आज आठवीच्या वर्गात फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने केले, संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य. जामखेडच्या बाजूला एका शाळेत मी विज्ञान शिकवते, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. पोरं भराभर सांगत होती. क्षय, गोवर, कांजिण्या इकडे. दमा, शुगर, बीपी तिकडे. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कोड कुठं लिव्हायचं?" आणि सगळा वर्ग खिडकीजवळच्या बाकाकडे बघायला लागला. तिथे एक मुलगी एकटीच बसते. तिच्या ओठाजवळ, बोटांवर पांढरे डाग आहेत. खडू माझ्या हातात तसाच राहिला. मला तुझे हात दिसत होते.

केडगावच्या स्वयंपाकघरात तू ताटात रवा पसरायचीस आणि माझं बोट धरून अक्षरं गिरवून घ्यायचीस. शाळेत जायच्या आधीच मला बाराखडी आली ती त्या पांढऱ्या बोटांमुळे. तेव्हा त्या रंगाचं मला काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तू बोटावर कुंकू घेतलंस की शेजारच्या काकू हसून म्हणायच्या, "असू द्या वहिनी, माझं मी लावते." दर वर्षी तेच. मी चौदा वर्षांची झाले त्या वर्षी दारातच तुझ्या हातातून करंडा घेतला. म्हटलं, "तू आत वाणाचं बघ, कुंकू मी लावते." मला वाटलं, मी तुला वाचवते आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. "बरं. लाव तू," म्हणालीस आणि आत गेलीस. सगळ्या बायकांनी माझ्यापुढे कपाळ केलं. त्यानंतर तू कधीच कुणाला कुंकू लावलं नाहीस.

आणि माझा टॉवेल. तो मी तेव्हापासून वेगळ्या खुंटीला लावायला लागले. तुझ्या लक्षात यायला आठवडाही लागला नाही.

"तिकडं का गं टॉवेल?"

"असाच."

"असाच नाही. विचारायचंस मला. डॉक्टरांनी सांगितलंय, हे कुणाला होत नाही." मग पोळी लाटता लाटता म्हणालीस, "पण तू माझं कशाला ऐकशील? पुस्तकात आलं की ऐकशील." एवढंच बोललीस. मी टॉवेल परत आणला, पण तुझ्या टॉवेलला लागणार नाही असा घडी घालून.

त्याच उन्हाळ्यात मला कांजिण्या आल्या. काकू कडुलिंबाचा पाला फाटकाबाहेरच ठेवून गेल्या. मी तुला ओरडून सांगत होते, जवळ येऊ नको, तुला होईल. तू म्हणालीस, "मला लहानपणी येऊन गेल्यात. सरक तिकडं." दुपारभर तू माझ्याजवळ पडून असायचीस आणि मी खाजवू नये म्हणून माझे हात तुझ्या हातांत धरून ठेवायचीस. आपल्या घरात लागणारा रोग एकच आला, तो माझा.

तुला नेलं ते शुगरनं. तिला मात्र कुणी भ्यालं नाही. त्याच काकू आग्रह करून बर्फी द्यायच्या. "एका तुकड्यानं काय होतंय वहिनी!"

फळ्यावर शुगरच्या खाली मी 'कोड' लिहिलं. म्हटलं, लागत नाही. शिवून नाही, एका ताटात जेवून नाही, एका टॉवेलला तोंड पुसूनही नाही. टॉवेल पुस्तकात नव्हता.

"पन मॅडम, आई म्हनती तिच्याशेजारी बसायचं न्हाई."

"आईला सांग, आमच्या मॅडमच्या आईला कोड होतं. त्या तिच्याच हातचं जेवून मोठ्या झाल्यात."

मग मी खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. त्या मुलीनं दप्तर मांडीवर घेऊन जागा केली. मी तिचा हात हातात धरला तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुमच्या आईचं बरं झालं का मग?"

"नाही. पण त्यानं तिचं काही अडलंही नाही," मी म्हणाले. हे खोटं आहे. अडलं होतं, आणि दारात मीही उभी होते.

हे पत्र वहीतच राहील. तुला एवढंच कळवायचं होतं की मी वर्गासमोर तो हात तास संपेपर्यंत सोडला नाही. पण खोलीवर आल्या आल्या मी नळ सोडला आणि साबण उचलला. हातांना खडू होता, हे खरं. पण आई, मी खडू धुवायला गेले नव्हते.