हवेवर उभं छप्पर

टोकियो, १७ एप्रिल २००१

ती. सौ. किनुएताईस,
कोहेईचा नमस्कार वि. वि.

म्हणजे पुन्हा धरसोड्या मीच! मी वर्षात तीन नोकऱ्या सोडल्या हे बाबांना दिसतं. स्वतः दर हिवाळ्यात आपल्याला बर्फात टाकून इथे मजुरीला यायचे, ते मात्र कर्तृत्व! फोनवर म्हणे, त्या अंड्याचं छप्पर माझ्या डोळ्यांदेखत वर गेलं, तुझ्याच्यानं एक खोकं तरी धड उचलवतं का? म्हटलं, बघूनच येऊ. रविवारी गेलो.

ताई, त्या स्टेडियमला लोक मोठं अंडं म्हणतात. मला ते भाताच्या कुकरचं झाकण वाटलं. आत बेसबॉल चाललेला, आणि गवत म्हणजे निव्वळ गालिचा. ऊन नाही, वारा नाही. पांढऱ्या छपराखाली पांढरा चेंडू उडाला की शोधत बसा. पाठीवर पिंप बांधून बिअर विकणाऱ्या पोरी जिने चढत होत्या, खरी मेहनत तेवढीच. छपराला एक खांब नाही, पंख्यांनी हवा भरून फुगवलेलं. बाहेर पडताना ती हवा पाठीत अशी लाथ घालते की माझी टोपी थेट रस्त्यावर. पैसे घेऊन पाहुण्याला हाकलणारं घर हे एकच.

शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी सगळा इतिहास ऐकवला. आधी तिथे सायकलींच्या शर्यती व्हायच्या, लोक पैजेत पगार घालवून घरी जायचे. मग हे अंडं घातलं. छप्पर फुगवलं ते जूनमध्ये, आजोबा स्वतः रस्त्यावर उभे होते म्हणे. जूनमध्ये, ताई! बाबा तर एप्रिललाच गावी परतायचे. जूनमध्ये ते भातलावणीच्या गुडघाभर चिखलात! चौदा वर्षं गावाला सांगितलेली बढाई खोटी. या रविवारी फोन करून तोंडावर सांगणार, आणि मग आमचा संबंध संपला. तू मध्ये पडू नकोस.

तुझा,
कोहेई


योकोते, १९ एप्रिल

चि. कोहेईस,
अनेक आशीर्वाद.

टोपी सापडली का? धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं पाठवलंय, एकट्याने संपवू नकोस.

छपराचं मला तेव्हापासून ठाऊक आहे. ते वर जाताना आम्ही टीव्हीवर पाहिलं. बाबा चिखलाच्या पायांनी दारातच उभे राहून बघत होते, आत येईनात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते टोकियोहून परत आले तेव्हा तू त्यांना काका म्हणाला होतास. पाच वर्षांचा होतास, तुझा काय दोष. मग एका संध्याकाळी त्यांनी तुला छपराची गोष्ट सांगितली आणि तू पहिल्यांदा त्यांच्या मांडीवर बसलास. पुढे रोज तूच विचारायचास, छप्पर वर जाताना आवाज कसा झाला? ते गाल फुगवून आवाज काढायचे. गोष्ट खरी नव्हती असं आता कुठल्या तोंडाने सांगतील?

गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी चिखलात उतरायला बंदी केलीय. शेत शेजारच्या हातोयामांना कसायला दिलं. यंदाचा जून त्यांचा पहिलाच मोकळा जून असेल. कालपासून रिकाम्या हातांनी बांधाकडे बघत बसतात. ते अंडं त्यांनी आतून कधीच पाहिलेलं नाही, आणि मला न्या असं म्हणणारही नाहीत. आता फोन करायचा तर कर.

तुझी,
ताई


टोकियो, २६ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. लोणचं संपलं.

फोन केला नाही, सवड नव्हती. तिथे बघण्यासारखं काही नाही हे मी लिहिलंच आहे. बाबांचा माझ्यावर विश्वास नसेलच, तर त्यांनी स्वतः येऊन खात्री करावी. जूनच्या दुसऱ्या रविवारची दोन तिकिटं काढलीत. अगदी वरची रांग, छपराच्या बुडाशी, स्वस्त म्हणून. आवाज ते काढायचे तसा मुळीच येत नाही, नुसती घूं घूं होते. तेही त्यांना एकदा कळू दे.

येताना टोपी आणू नका म्हणावं. बाहेर पडताना ती हवा त्यांच्या गुडघ्यांना पाडेल, तेव्हा मी पाठीशी राहीन. त्यांना एवढंच सांग की कोहेईला एकट्याला कंटाळा येतो. जूनबिन काही बोलू नकोस.

रागावली नसशील तर लोभ ठेव, रागावली असशील तरी ठेव. सोबत एकाच बाजूचं गाडीभाडं आहे. तसले गुडघे घेऊन त्यांना एकट्याने परत कसं धाडायचं, मीच पोहोचवायला येईन. राहायला येतोय असं मात्र कुणी समजू नये.

सोबत: गाडीभाडं, सोळा हजार येन.

कोहेई