दूध पाजायची वेळ

तिकोणा पेठ

प्रिय अमृता,

तीन वर्षं झाली तुला घर सोडून, आणि ये म्हणायला मला तोंड नाही. धुळवडीच्या पारधीत माझ्या काठीचा घाव तुला बसला. गावात मी सांगितलं, काठी निसटली. खोटं होतं ते.

तू कॉलेजातून आलीस की सशांवर बोलत सुटायचीस. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशांची जात बिळात राहणारी, म्हणून पिल्लं नागडी, आंधळी जन्मतात. आपला माळावरचा ससा लाखो वर्षं उघड्यावर जगला. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. दिवसभर गवतात गप्प बसतात, कुत्र्यालाही वास लागत नाही. आई लांब राहते आणि दिवस मावळला की एकदाच येऊन पाजते. सातवी नापास बापाला पोरगी शिकवतेय याचा मला लय अभिमान वाटायचा.

त्या धुळवडीला सकाळपासून काही मिळालं नव्हतं. चुलतभाऊ मारुती सगळ्यांदेखत म्हणाला, कैलास, तुजा हात गेला आता. मला झोंबलं. तू आदल्या दिवशी मला पिल्लं दाखवली होतीस. मी ती जागा सांगितली आणि वेळही सांगितली. वाघूर, म्हणजे सशाचं जाळं, लावून आम्ही दबून बसलो. पिल्लांची आई आली, जाळ्यात अडकली आणि तान्ह्या पोरासारखी किंचाळली. तू धावत येऊन जाळं फाडायला लागलीस. मी काठी आधी तुझ्या कानावर घातली, मग तिच्या डोक्यात. डोकं फुटलं तरी मागचे पाय झाडत होती. सोलताना माझ्या हाताला रक्ताबरोबर दूध लागलं. ते मटण मी खाल्लं, अमृता.

यंदा मारुती पुन्हा जागा विचारायला आला. मी वाघूर चुलीत घातली आणि वनखात्याच्या ऑफिसात ती काठी नेऊन सगळा जबाब दिला. शेवटी म्हणालो, याच काठीनं पोरीचा कान फोडलाय, त्ये बी लिवा. साहेब म्हणाले, ते आमच्याकडे येत नाही, मुलीला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल.

म्हणून हे पत्र. मला भेटू नकोस हवं तर, पण तक्रार दे. काठी निसटली असं मी पुन्हा म्हणणार नाही. आणि म्हणालोच, तर हा कागद पुढे कर, खाली माझी सही आहे.

तुझाच,
आबा
(कैलास)